पितृहीनांचा पिता : जॉर्ज म्युलर, प्रार्थना आणि अनाथांचा सांभाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अचलपूर, अंजनगाव आणि दर्यापूर या भागातील लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेले काही हिवाळे, कापूस वेचणीचा जोर ओसरल्यावर, आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनासभांत जॉर्ज म्युलर यांच्या जीवनाचा अभ्यास घेत आहोत. सभा सुटल्यावर चहाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. मी पाळक म्हणजे धर्मोपदेशक नाही; मंडळीच्या जमाखर्चाची वही सांभाळणारा ‘वडील’, म्हणजे मंडळीतला जबाबदार ज्येष्ठ आहे. त्यामुळे काही उत्तरांना उपदेशापेक्षा वहीखात्याचा वास अधिक येईल, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

जॉर्ज म्युलर कोण होते?

म्युलर यांचा जन्म 27 सप्टेंबर 1805 रोजी प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत झाला आणि 10 मार्च 1898 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ते प्रभूमध्ये निजले. ब्रिस्टलला त्यांनी 1836 मध्ये एका भाड्याच्या घरात अनाथ मुलींचा सांभाळ सुरू केला. पुढे शहराबाहेरच्या अ‍ॅश्ली डाऊन या टेकडीवर 1849 ते 1870 या काळात पाच मोठी दगडी घरे उभी राहिली व त्यांत एका वेळी दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर अनाथ मुले या घरांतून वाढली. एवढे करताना त्यांनी कोणाही माणसाजवळ पैसा मागितला नाही आणि कर्जही काढले नाही. अभ्यासासाठी आम्ही त्यांनाच निवडले, कारण कर्ज हा शब्द आमच्या भागात सातबाऱ्यावरच लिहिलेला असतो.

ते तरुणपणी चोर होते, हे खरे आहे काय?

होय, आणि त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले आहे. वडील सरकारी करवसुलीच्या कामात होते आणि मुलगा त्यांच्याच पेटीतले पैसे काढत असे. सोळाव्या वर्षी खानावळीत राहून बिल न भरता निसटण्याच्या प्रकरणात त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढे हाल्ले येथे धर्मशास्त्र शिकत असतानाही त्यांचे वागणे सुधारले नव्हते. नोव्हेंबर 1825 मध्ये एका मित्राने त्यांना एका साध्या घरातील प्रार्थनासभेला नेले. तेथे एक मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करत होता, आणि म्युलर यांनी त्याआधी कोणाला गुडघ्यांवर प्रार्थना करताना पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांचे आयुष्य वळले. पैशाच्या बाबतीत एकेकाळी इतका घसरलेला मनुष्य पुढे प्रत्येक पेनीचा हिशेब छापू लागला, हे मला या कथेतले सर्वांत विश्वासार्ह पश्चात्तापाचे फळ वाटते.

अनाथांचे काम करावे, असे त्यांना का वाटले?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुलांची कणव त्यांना होतीच. तथापि पहिला हेतू तो नव्हता आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. ब्रिस्टलमध्ये ते घरोघरी भेटी देत, तेव्हा त्यांना असे विश्वासणारे भेटत की जे रोज चौदा-सोळा तास राबून शरीराने आणि मनाने खचले होते, परंतु काम थोडे कमी केले तर देव आपल्या घरादाराचे पाहील, एवढा भरवसा त्यांना राहिला नव्हता. देव आजही जिवंत आहे आणि प्रार्थना ऐकतो, हे अशा लोकांना डोळ्यांनी दिसेल असे काहीतरी उभे करावे, ही मूळ इच्छा होती. एका निर्धन माणसाने केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालवून दाखवले, तर ती साक्ष नाकारणे अवघड जाईल, असा त्यांचा विचार होता.

नमुना त्यांनी पाहिलेला होता. हाल्ले येथे ऑगस्ट हर्मान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी स्थापन केलेले अनाथालय होते आणि विद्यार्थिदशेत म्युलर तेथील मोफत निवासात काही काळ राहिले होते. बायबलच्या स्तोत्र 81 मधील ‘तू आपले तोंड चांगले उघड म्हणजे मी ते भरीन’ या वचनाने डिसेंबर 1835 मध्ये त्यांचा निर्णय पक्का केला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा सव्वा वर्षाचा मुलगा एलिया न्यूमोनियाने गेला होता. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी जोडलेला नाही, म्हणून आम्हीही जोडत नाही. पण सभेत हे वाचले जाते तेव्हा बायका थोडा वेळ गप्प होतात.

सर्व प्रार्थनेने झाले म्हणता, मग काही चुकले असे कधीच झाले नाही काय?

झाले, आणि तो प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे. घर मिळावे, सामान मिळावे, पैसा यावा, सांभाळ करणाऱ्या बहिणी मिळाव्यात, या प्रत्येक गोष्टीसाठी म्युलर यांनी प्रार्थना केली होती आणि सर्व मिळाले होते. मुलांचे अर्ज स्वीकारण्यासाठी 3 फेब्रुवारी 1836 हा दिवस ठरवला. ते प्रार्थनामंदिराच्या खोलीत दोन तास बसून राहिले आणि एकही अर्ज आला नाही. घरी परतताना त्यांच्या लक्षात आले की, मुले यावीत यासाठी आपण एकदाही प्रार्थना केलेली नाही. अनाथ तर असतातच, ते येतीलच, असे आपण गृहीत धरले होते. त्या संध्याकाळी ते जमिनीवर पालथे पडून प्रार्थनेत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला आणि महिनाभरात चाळीसवर अर्ज झाले. 11 एप्रिलला विल्सन स्ट्रीटवरील घरात मुली राहायला आल्या.

आमच्याकडेही असे होते. खोली बांधून होते, पाटी रंगवून होते, फीत कापायला पाहुणा येऊन जातो, आणि मग मुले कोठून आणायची याचा शोध सुरू होतो. मूल आधी आणि इमारत नंतर, हा क्रम उलटला की मुलाची गरज बाजूला राहून इमारतीची गरज भागवण्यासाठी मुले आणली जातात.

‘पैसे मागितले नाहीत’ म्हणजे व्यवहारात नेमके काय?

ऑक्टोबर 1830 मध्ये, टीनमथ या गावी पाळक असताना, त्यांनी ठरलेला पगार सोडला. त्या काळी प्रार्थनामंदिरातील चांगल्या जागांचे भाडे घेण्याची चाल होती व त्यातून पाळकाचा पगार निघत असे. श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला मागची, हे बायबलमधील याकोबाच्या पत्राशी विसंगत आहे, असे म्हणून त्यांनी ती चाल बंद केली व दाराजवळ एक पेटी ठेवली. अनाथगृहांसाठी नियम आणखी कडक होता. आज पैसा संपला आहे, हे बाहेरच्या कोणासही, विचारले तरीही, सांगायचे नाही. सोबतच्या सेवकांना मात्र सर्व सांगत, कारण प्रार्थना मिळून करायची होती. उधारीवर काही आणायचे नाही, हेही ठरलेले होते.

सप्टेंबर 1838 मध्ये पैसा अगदी संपला होता. तेव्हा लंडनहून आलेल्या एका बाईने आपल्या मुलीने पाठवलेली देणगी आणून दिली. ती बाई गेले चार-पाच दिवस मुलांच्या घराशेजारीच उतरलेली होती. म्हणजे इकडे हे लोक गुडघ्यांवर होते, तेव्हा पैसा भिंतीपलीकडे होता. म्युलर यांनी यातून असा अर्थ काढला की देवाला मदत करायचीच होती, पण त्याने आमची प्रार्थनाही ऐकायची होती. मी स्वतः त्या चार दिवसांचा विचार अधिक करतो.

दरवर्षी अहवाल छापणे म्हणजे आडून मागणेच नव्हे काय?

हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला आणि तो पोकळ नाही. अहवालात पूर्वीच्या अडचणी आणि त्यांतून झालेली सुटका सविस्तर असे; तो वाचून लोक देत. म्युलर यांचे उत्तर असे की अहवाल गेलेल्या काळाचा असतो, चालू गरजेचा नाही, आणि लोकांच्या पैशाचा हिशेब देणे हे कर्तव्य आहे. 1841 च्या शेवटी हात अगदी रिकामे असताना त्यांनी त्या वर्षीची जाहीर सभा व अहवाल काही महिने पुढे ढकलला, कारण त्या घडीला तो प्रसिद्ध करणे म्हणजे माणसांकडे पाहणे झाले असते. आक्षेप पूर्णपणे मिटतो असे मी म्हणणार नाही. परंतु गरज आहे तेव्हा गप्प राहणे आणि भागली की हिशेब देणे, हा क्रम ज्याने पाळला, त्याच्यावर मागणाऱ्याचा शिक्का मारताना मला तरी संकोच वाटतो.

दूध आणि पावाची गोष्ट खरी आहे काय?

ही गोष्ट उपदेशांत सर्वाधिक सांगितली जाते : सकाळी टेबलांवर रिकामी ताटे, म्युलर उपकारस्तुती करतात, तोच रात्री झोप न लागलेला पाववाला दार ठोठावतो आणि मागोमाग दूधवाल्याची गाडी दारासमोरच मोडते. आम्ही ती ऐकीव साक्ष म्हणून सांगतो. ज्यांना तारखेसह लिहून ठेवलेला प्रसंग हवा असेल, त्यांनी नोव्हेंबर 1857 मधील बॉयलरचा प्रसंग वाचावा. टेकडीवरील पहिल्या घराला ऊब देणारा बॉयलर गळू लागला, दुरुस्तीसाठी आग विझवणे भाग होते आणि बाहेर उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. म्युलर यांनी दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेकडून वाहावा, आणि बायबलमध्ये यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याच्या काळाप्रमाणे कारागिरांना मन लावून काम करण्याची इच्छा व्हावी. ठरल्या दिवशी वारा फिरला, आणि कारागीर आपण होऊन म्हणाले की आम्ही रात्रभर थांबून काम पुरे करतो. बॉयलर दुरुस्त करणारे हात माणसांचेच होते, हे या प्रसंगात मला आवडते.

विल्सन स्ट्रीट सोडून ते टेकडीवर का गेले?

शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून. एका गल्लीत चार घरे आणि त्यांत सव्वाशेवर मुले. ऑक्टोबर 1845 मध्ये एका रहिवाशाने सभ्य शब्दांत पत्र लिहून गोंगाटाची अडचण कळवली. म्युलर यांनी राग न धरता विचार केला आणि तक्रार रास्त आहे, असे ठरवले. पुढे अ‍ॅश्ली डाऊनची जमीन पाहिली, तेव्हा मालकाला रात्री झोप लागेना आणि एकरी 200 पौंडांऐवजी 120 पौंडांना ती द्यावी, असे त्याने पहाटे मनाशी ठरवले.

त्यांच्या कामात आज खटकण्यासारखे काय आहे?

आईवडील दोन्ही वारलेली, गरीब आणि विवाहसंबंधातून जन्मलेली मुलेच घेतली जात. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला तेथे दार बंद होते. त्या काळाचे नियम तसे असतील, पण स्तोत्र 68 मध्ये देवाला ‘पितृहीनांचा पिता’ म्हटले आहे आणि त्यात अशी अट नाही. शेकडो मुले एका छताखाली वाढवण्याची पद्धतही पुढे मागे पडली. विसाव्या शतकात त्यांच्याच संस्थेने ती मोठी घरे सोडून लहान, कुटुंबासारखी घरे पत्करली.

त्यांचा आपल्या भागाशी काही संबंध आला काय?

सत्तरीत पोहोचल्यावर, 1875 पासून, त्यांनी सतरा वर्षे जगभर प्रवास केला व त्यात ते भारतातही आले. जानेवारी 1890 मध्ये, नागपूरच्या उत्तरेला असलेल्या जबलपूर येथे त्यांना एकुलती एक मुलगी लिडिया वारल्याची बातमी मिळाली.

याहून मोठा संबंध पंडिता रमाबाई यांच्याद्वारे आहे. त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे की म्युलर यांचे चरित्र आणि आणखी दोघा सेवकांचे वृत्तांत वाचल्यावर, परदेशात प्रभूवर असा भरवसा टाकता येतो तर भारतात का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि भुकेने व दलालांच्या तावडीत सापडण्याच्या भीतीने ग्रासलेल्या सुमारे 300 मुली व विधवांना घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. वऱ्हाडातही 1899-1900 च्या छप्पनिया (संवत 1956 च्या) दुष्काळाने पोरकी झालेली मुले अकोला आणि खामगाव येथील मिशनच्या आश्रयाला होती. आमच्या काही जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत ‘आमचा पणजोबा छप्पनचा पोरगा’ असे आजही म्हणतात. आडनावाच्या पलीकडे त्यांना कुळाचे काही माहीत नसते.

अनाथांची सेवा केवळ ख्रिस्ती लोकांनीच केली, असे आपण सुचवता काय?

मुळीच नाही. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ आणि अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर हे आमच्या डोळ्यांसमोरचे आदर्श आहेत. वझ्झर तर आम्हांला ब्रिस्टलपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि म्युलर यांनी ज्या मुलांना दार उघडले नाही, तशी मुले तेथे वाढली.

आमच्या मंडळीने अनाथालय सुरू करावे काय?

बहुतेक वेळा माझे उत्तर नाही असे असते, आणि त्याची कारणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिले कारण कायद्याचे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 नुसार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीविना संस्था चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कोणाला असे मूल आढळल्यास 1098 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ‘आम्ही देवाचे काम करतो, आम्हांला परवाना कशाला’ असे बोलणारे सेवक मला भेटले आहेत. म्युलर यांनी एक पेनी लपवली नाही. मुले लपवून ठेवणे तर दूरच.

दुसरे कारण असे की आमच्याकडे ज्यांना अनाथ म्हणून आणले जाते, त्यांतील बहुतेकांची आई जिवंत असते. बाप गेला, कर्ज राहिले, दोन एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कापूस) आणि तीन लेकरे. अशा बाईला मुले दूर ठेवण्याची सोय नको असते, मुलांसह उभे राहण्याचा आधार हवा असतो. राज्य शासनाच्या बाल संगोपन योजनेत अशा मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. परंतु मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र आणि बँकेचे खाते जुळवताना मजुरीचे कितीतरी दिवस बुडतात, म्हणून बाई अर्ध्यातच सोडून देते. मंडळीतील एखाद्या शिकलेल्या तरुणाने तिच्याबरोबर तालुक्याला जाऊन ही कागदपत्रे पुरी केली, तर ते अनाथसेवेचेच काम आहे. ‘अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे’ असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. समाचार घ्यायला, म्हणजे विचारपूस करायला, त्यांच्याच दारी जावे लागते.

आणि ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला 1890 च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. आता बाल न्याय अधिनियमानुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्याला रीतसर दत्तक घेता येते, आणि ते मूल सर्व अर्थांनी त्यांचे होते.

म्युलर कर्ज घेत नसत; आमच्यासारख्यांना ते जमेल काय?

मंडळीच्या वसतिगृहात एकदा आम्हांला जमले नाही. कापसाचे पैसे हाती आले की दानार्पण वाढेल, या भरवशावर आम्ही चार महिने किराणा उधार आणला. त्या वर्षी बोंडअळीने पीक नेले. दुकानदार सज्जन होता, तो बोलला नाही. पण धान्य आणायला जाणारी मोठी मुले दुकानाच्या बाहेर थांबू लागली, तेव्हा माझ्या लक्षात आले की उधारी वहीत माझ्या नावावर असली तरी तिची लाज मुलांच्या वाट्याला आली आहे. ती फेडायला दोन हंगाम लागले. तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला कोठीत जेवढे धान्य असेल तेवढ्यावर बेत आखला जातो. कधी वरणाला पाणी अधिक पडते.

मदत मिळावी म्हणून मुलांची छायाचित्रे दाखवणे योग्य आहे काय?

नाही. वरील अधिनियमाचे कलम 74 अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. एका बाहेरच्या संस्थेने आमच्या वसतिगृहातील एका मुलीचे, नाक वाहत असतानाचे छायाचित्र आपल्या पत्रकावर छापले होते. बारावीत असताना ते तिच्या हाती पडले. तिने काही म्हटले नाही. पत्रक दुमडून माझ्या टेबलावर ठेवले.

दुसऱ्या धर्माच्या मुलाने प्रार्थनेला बसलेच पाहिजे काय?

नाही. जेवण आणि प्रार्थना यांच्यात कोणतीही अट असू नये. जे मूल दिवाळीला मावशीकडे जाते, ते तेथे देवापुढे दिवा लावील आणि परत आल्यावर त्याला कोणी विचारणार नाही, एवढी मोकळीक आमच्याकडे आहे. यावर मंडळीत एकमत नाही, हेही येथे नमूद करतो.

प्रार्थना करूनही मूल दगावले किंवा पैसा आलाच नाही, तर काय समजावे?

मला याचे उत्तर देता येत नाही. फेब्रुवारी 1870 मध्ये पत्नी मेरी आजारी असताना म्युलर यांनी प्रार्थना केली, आणि ती गेली. सुमारे चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यांनी तिच्या अंत्यविधीला स्वतः उपदेश केला आणि देव चांगला आहे व चांगले करतो, हे त्याचे सूत्र ठेवले. तेवढे मी वाचून दाखवतो आणि वही मिटतो.

वसतिगृहाला भेट द्यावयाची असल्यास काय आणावे?

तुरीची डाळ, ज्वारी, तेल, वह्या आणि शाळेचे बूट यांची गरज बाराही महिने असते. जुने कपडे मात्र धुऊन, बटणे लावून आणावेत. म्युलर प्रत्येक देणगीला क्रमांकाची पावती देत आणि अहवालात नावाऐवजी तो क्रमांक छापत, म्हणजे देणाऱ्याचे नाव झाकलेले राहून रक्कम पोहोचल्याची खात्री त्याला करून घेता येई. आम्हीही तीच रीत ठेवली आहे. पायलीभर ज्वारी आणली तरी मोजून घेतली जाईल. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.